हिंदी चित्रपटातले ‘भारतीय संस्कार’ नेमके कोणत्या घरातले?

गोदाकाठ (परभणी)

नमस्कार. मी परभणीच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवते. आमच्या चित्रपट मंडळात येत्या सत्रात ‘हिंदी चित्रपटातला पूर्व-पश्चिम संघर्ष’ या विषयावर चार चित्रपट दाखवून मुलांशी चर्चा करायचे ठरले आहे. मनोज कुमार यांचा ‘पूरब और पश्चिम’ (१९७०) पहिला, आदित्य चोप्रा यांचा ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ (१९९५) दुसरा, उरलेले दोन सवडीने ठरवू, असा माझा बेत होता. तयारी म्हणून पहिला चित्रपट घरी लावला आणि शेजारी गहू निवडत बसलेल्या आईने माझा विषयच सुपात घेऊन पाखडला.

लंडनमध्ये वाढलेली प्रीती, म्हणजे सायरा बानू, सोनेरी केस, आखूड झगा आणि हातात सिगारेट अशा थाटात पडद्यावर आली. आपण तिला पाहून दचकावे अशी दिग्दर्शकाची अपेक्षा असणार. आई दचकली नाही. गव्हातला खडा बाजूला टाकत ती म्हणाली, “सिगारेट ओढली म्हणून ही बिघडली का? मग तुही पणजी काय करत व्हती? चिलमीचा दम मारल्याबिगर तिचं खुरपं उठत नव्हतं.” माझी पणजी सेलूकडची. नऊवारी लुगडे, कपाळावर रुपयाएवढे कुंकू, कमरेला चंची, आणि एकादशी कधी चुकवली नाही. आजीच्या पिढीत चिलीम गेली आणि मिश्री आली, एवढाच काय तो फरक. तंबाखूचे समर्थन मला करायचे नाही. पण आमच्या घरातल्या या बायकांना ‘पाश्चात्त्य’ कोणी म्हणाले असते, तर तो शब्दच त्यांना कळला नसता.

दुसरी अडचण वर्गात आली. ‘दिलवाले’मध्ये सिमरनची आई स्वतःचे दागिने मुलीच्या हाती ठेवून दोघांना पळून जायला सांगते आणि लंडनमध्ये वाढलेला राज मात्र वडिलांनी हात दिल्याशिवाय मुलगी नेणार नाही म्हणतो. या प्रसंगावर मी ‘नायक भारतीय मूल्ये जपतो’ असे म्हणताच मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. “मॅडम, मग पळून जा म्हणणारी आई भारतीय नाही का?” तास संपल्याची घंटा झाली म्हणून मी सुटले.

माझा प्रश्न असा, की हिंदी चित्रपट ज्यांना भारतीय मूल्ये म्हणतो ती कोणाच्या घरातून उचललेली आहेत, आणि ज्यांना पाश्चात्त्य म्हणतो ती खरोखर तिकडून आलेली आहेत का? उरलेले दोन चित्रपट कोणते घ्यावेत, हेही सुचवावे.

निवृत्त मास्तर (लातूर)

ताई, तुमच्या मातोश्रींचे निरीक्षण मार्मिक आहे, तरी ‘पूरब और पश्चिम’ला इतक्या लवकर हसण्यावारी नेऊ नका. मी तो आमच्या गावच्या जत्रेत तंबूत पाहिला. तेव्हा शिकलेला मुलगा परदेशी गेला की परत येत नाही, हे तालुक्याच्या गावातही ऐकू येऊ लागले होते, आणि ज्या देशाने नुकतीच दोन युद्धे आणि दुष्काळ पाहिले होते त्याला ‘आपलेही काही आहे’ असे कोणीतरी मोठ्या आवाजात सांगणे हवेच होते. भारताने जगाला शून्य दिले, या गाण्यावर तंबूत टाळ्या पडल्या. अर्थात प्रीतीच्या प्रवेशाला शिट्ट्याही पडल्या, आणि टाळ्या-शिट्ट्या वाजवणारे हात-तोंड एकाच माणसाचे होते, हेही प्रांजळपणे सांगतो.

माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. आईवडिलांना सांभाळणे हे आपले मूल्य आणि त्यांना वाऱ्यावर सोडणे हे पश्चिमेचे, अशी वाटणी आपण मनात करून ठेवली आहे. रवी चोप्रा यांचा ‘बागबान’ (२००३) आला तेव्हा शेजारच्यांनी आम्हा नवराबायकोला आग्रहाने तो दाखवला, कारण आमचा थोरला न्यू जर्सीत असतो. दाखवण्यामागचा हेतू आम्हाला समजला. पण त्या चित्रपटातली चारही मुले याच मातीत वाढलेली आणि इथेच राहणारी आहेत, हे त्या शेजाऱ्यांच्या लक्षात आले नाही. माझ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला थोरला तीन आठवड्यांची रजा काढून आला. हाकेच्या अंतरावर राहणारा धाकटा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. मी दोघांनाही दोष देत नाही, कारण धाकट्याचे दुकान आहे आणि दुकान माणसाला बांधून ठेवते.

मराठी माणसाला तर हे आधीच ठाऊक असायला हवे. राजा परांजपे यांच्या ‘ऊन पाऊस’ (१९५४) मध्ये निवृत्त शिक्षक आणि त्याची बायको यांची मुलांनी वाटणी केली, ती लंडनला जाऊन केली नव्हती. आणि शिरवाडकरांचा ‘नटसम्राट’ घ्या. १९७० साली, म्हणजे ‘पूरब और पश्चिम’च्याच वर्षी रंगमंचावर आलेल्या या नाटकामागे शेक्सपिअरचा ‘किंग लिअर’ उभा आहे. मुलींनी घराबाहेर काढलेल्या म्हाताऱ्या बापाचे दुःख चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रजाने लिहिले आणि आपण ते आपले म्हणून डोळे पुसत पाहिले. मग आईबापांविषयीची कृतज्ञता हा फक्त आपलाच ठेवा कसा?

मात्र कृतज्ञता, कर्तव्य, शब्द पाळणे ही मूल्येच नाहीत, ती वरच्या घरांनी लादलेली आहेत, असा निष्कर्ष वर्गात निघू देऊ नका. चित्रपटाने त्यांच्यावर चुकीचा शिक्का मारला म्हणून नाणे खोटे होत नाही.

जालन्याची लेक

गुरुजींच्या प्रतिसादातील शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे. परंतु तो शिक्का ज्यांच्या पाठीवर बसतो त्यांचेही ऐकावे, म्हणून लिहिते.

मी जालन्याच्या ख्रिस्ती घरातली. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभी केली, तेव्हापासून आमची घरे या भागात आहेत. माझी आजी नऊवारी नेसत असे. बायबल मराठीत वाचत असे. रविवारी मंडळीत पेटी-तबल्यावर नारायण वामन टिळकांची भजने म्हणत असे, आणि नाताळच्या फराळात करंज्या, अनारसे, चिवडा असे. इंग्रजीचा एक शब्द तिला येत नव्हता. “टायम” हा शब्द सोडला तर, आणि तो तर सगळ्यांनाच येतो.

शाळेत मात्र हजेरीत माझे नाव पुकारले की मागून कोणीतरी ‘मोनिका’ म्हणून गुणगुणत असे. हे नाव ‘कारवाँ’ (१९७१) मधल्या हेलन यांच्या नृत्यातून आले होते, हे मला पुष्कळ उशिरा समजले. मुले तरी काय करणार! त्यांनी पडद्यावर पाहिलेली प्रत्येक रोझी, लिली, किटी ही गुत्त्यात नाचणारी किंवा खलनायकाला पेला भरून देणारी होती, तिचा बाप दारू पिणारा होता, आणि नायिका सहसा त्या नावाची नसे. ‘बॉबी’ (१९७३) आणि ‘ज्युली’ (१९७५) हे अपवाद म्हणून सांगितले जातात. ‘ज्युली’मध्ये नादिरा यांनी आईची भूमिका फार उत्तम केली, त्यासाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला, पण तिथेही घसरणारे पाऊल त्याच घरातले असावे असा योग लेखकाने जुळवून आणला.

यामागचे गणित सरळ आहे. परदेशी जाऊन चित्रीकरण करणे खर्चिक होते, परकीय चलन सहज मिळत नव्हते, पण कथेला ‘पश्चिम’ तर हवी होती; तेव्हा ती घरातल्याच एका अल्पसंख्य समाजाच्या अंगावर चढवली गेली. माझ्या आजीच्या घरापासून विलायत जितकी लांब होती तितकीच ती शेजारच्या देशपांड्यांच्या वाड्यापासून लांब होती. खरे तर वाड्यातला मुलगा विलायतेला जाऊन बॅरिस्टर होऊन आला असता तर त्याचा सत्कार झाला असता.

एक प्रामाणिक कबुली देते. हेलन पडद्यावर आल्या की मीही डोळे मिटत नसे. एवढे सुंदर नाचणारी बाई वाईट कशी, हा प्रश्न मला तेव्हाही पडत असे.

तालुका कोर्टातला (अंबाजोगाई)

गोदाकाठ ताईंनी जो मूळ प्रश्न विचारला आहे, त्याचे एक उत्तर माझ्या व्यवसायात रोज समोर येते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

गुरुदत्त यांचा ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ हा १९५५ चा चित्रपट आपण विनोदी म्हणून पाहतो, आणि तो विनोदी आहेही. त्यात ललिता पवार यांनी केलेली सीतादेवी ही स्त्री-स्वातंत्र्याच्या सभा घेणारी, पुरुषद्वेष्टी बाई आहे. घटस्फोटाचा कायदा तिला हवा आहे, आणि तिच्या तावडीतून सुटलेली मधुबाला नायकाच्या वहिनीचे भरले घर पाहून शहाणी होते. घटस्फोट ही श्रीमंत, इंग्रजाळलेल्या बायकांची हौस आहे, हा त्यातला सूर. त्याच वर्षी हिंदू विवाह कायदा संमत झाला. या कायद्यामागचे हिंदू कोड बिल ज्यांनी संसदेत लढवले आणि ते रखडवले गेले म्हणून १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. संसदेत त्यांनी मांडलेला एक मुद्दा असा होता, की बहुसंख्य हिंदू ज्या जातींचे आहेत त्या जातींमध्ये घटस्फोटाची रूढी पूर्वापार आहेच; नाही ती वरच्या मूठभर जातींमध्ये.

आपल्या भाषेत या रूढीला शब्द आहे: काडीमोड. पंचांसमोर काडी मोडली की संबंध मोडला. त्यानंतर बाईचे दुसरे लग्न होई, त्याला कुठे पाट म्हणत, कुठे मोहतूर. हे शब्द आपण इंग्रजीतून आणलेले नाहीत. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ मधील दुसरे उपकलम रूढीने मिळणारा घटस्फोटाचा हक्क आजही राखून ठेवते. उलट परस्परसंमतीने घटस्फोट घेण्याची सोय त्या कायद्यात यायला १९७६ साल उजाडावे लागले. म्हणजे नवराबायकोने आपसांत ठरवून वेगळे होणे ही गोष्ट आमच्या शिवारात कायद्याच्या कितीतरी आधी चालू होती.

मागच्या वर्षी माझ्याकडे ऊसतोड करणारी एक तरुण बाई आली होती. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरतात आणि उचलही जोडीलाच मिळते, त्यामुळे बायको निघून गेली की नवऱ्याचा कोयता मोडतो आणि मुकादमाची उचल अंगावर येते. मारहाणीला कंटाळून ती वेगळी होऊ पाहत होती. सासरकडचा एक वडीलधारा माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाला, “वकीलसाहेब, हे काय पिच्चर हाये का? सोडचिठ्ठी आपल्यात नसती, आपली एक संस्कृती हाये.” कोपऱ्यात बसलेल्या मुलीच्या आईने पदर सावरला आणि शांतपणे सांगितले, “भाऊ, माझाच दुसरा पाट हाये. तुम्हीच पंचात बसला व्हता.” त्यानंतर खोलीत बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज होता.

त्या वडीलधाऱ्याला स्वतःच्या समाजाची रूढी आठवली नाही. त्याच्या डोक्यात ‘संस्कृती’ म्हणून जे चित्र होते त्यात संगमरवरी जिना होता, आरतीचे ताट होते आणि नवऱ्याच्या पाया पडणारी, रेशमी साडीतली सून होती. हे चित्र त्याने कुठे पाहिले असेल, हे मी सांगायला नको. पोट भरण्यासाठी दिवाळीच्या सुमारास बैलगाडी जुंपून बाहेर पडणाऱ्या, लेकरे म्हाताऱ्यांकडे ठेवून चार-सहा महिने उसाच्या फडात काढणाऱ्या घराला ‘एकत्र कुटुंब’ या शब्दाचा कोणता अर्थ लागू करायचा?

जुने सगळे सोन्याचे होते, असे मात्र मी म्हणणार नाही. जातपंचायतीने काडीमोड दिला, तसा बाईला दंडही केला आणि घरे वाळीतही टाकली. सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये महाराष्ट्राला कायदा करावा लागला तो उगीच नाही. माझे म्हणणे इतकेच, की जे आपल्याकडे होते, चांगले असो वा वाईट, ते ‘परके’ ठरवून चित्रपटाने पुसले आणि जे एका विशिष्ट सुखवस्तू घरात होते ते ‘भारतीय’ म्हणून सगळ्यांच्या भिंतीवर टांगले.

ता. क. डोईवरचा पदर खांद्यावर आला तरी भरल्या बाजारात जाईन, असे म्हणणारी जनाबाई तुमच्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची, ताई. तिला कोणत्या रकान्यात बसवणार?

लग्नाचे चित्रीकरण (नांदेड)

वकीलसाहेबांचे शेवटचे म्हणणे माझ्या धंद्याने सिद्ध होते. मी गेली अठरा वर्षे लग्नांचे चित्रीकरण करतो.

सूरज बडजात्या यांच्या ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) पासून नवरदेवाचे जोडे लपवणे हा आपल्याकडचा जणू शास्त्रोक्त विधी झाला आहे. आपली कानपिळी, म्हणजे नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळून मानपान वसूल करण्याची मजा, मी आता चारपाच लग्नांत एकदा टिपतो, आणि तीही कोणी म्हातारी आठवण करून देते तेव्हा. संगीत, मेंदीचा वेगळा दिवस, हे सगळे उत्तरेकडून पडद्यावाटे आले. करवा चौथचे फोटो काढायला मला नांदेडात बोलावणे येते. हरतालिकेचे अजून आलेले नाही.

लग्नाआधीच्या चित्रीकरणाला बहुतेकांना ‘दिलवाले’मधले मोहरीचे पिवळे शेत हवे असते. मराठवाड्यात मोहरी कुठून आणू? मी करडईच्या शेतात उभे करतो. रंग जुळतो. पण करडईला काटे असतात, तिच्यात शिरायचे तर शेतकरी पायांना पोते गुंडाळतो, आणि आमची नवरी पातळ ओढणीत धावत निघते. एकीची ओढणी सोडवायला पाऊण तास लागला. ती फीत मी अजून जपून ठेवली आहे.

धंद्याचीच आणखी एक गोष्ट. कॅमेरा आणि संवाद यांची तोंडे नेहमी एकाच दिशेला नसतात. राज कपूर यांचा ‘संगम’ (१९६४) असो की सुभाष घई यांचा ‘परदेस’ (१९९७), संवाद मायदेशाच्या बाजूने बोलत असले तरी कॅमेरा परदेशावर लुब्ध असतो. प्रेक्षकाला पॅरिस पाहायचे असते आणि घरी जाताना मन स्वच्छही हवे असते. चित्रपट दोन्ही एकाच तिकिटात देतो. नव्वदीनंतर परदेशातला भारतीय स्वतःच डॉलरमध्ये तिकीट काढू लागला, तेव्हा त्याला बिघडलेला म्हणणे परवडणार नव्हते. म्हणून प्रीतीच्या जागी राज आला. हातात बिअर, पण मनात पंजाब. आणि पंजाबातच राहिलेला कुलजीत, म्हणजे सिमरनसाठी वडिलांनी ठरवलेला नवरा, ज्याला कोणी विलायतेचे वारे लागू दिले नव्हते, तो लंडनला जाऊन मौज करायची स्वप्ने पाहणारा निघाला. मूल्ये तोवर देशात राहत होती, तिथून ती रक्तात राहायला गेली.

गोदाकाठ (परभणी)

सर्वांचे आभार. मागच्या बाकावरच्या मुलीला आता थोडे उत्तर देता येईल. सिमरनच्या आईचा तो दीर्घ संवाद मी पुन्हा ऐकला. भावांच्या शिक्षणासाठी आपले शिक्षण थांबले, मुलीच्या वाट्याला हे येऊ देणार नाही असे आपण ठरवले होते, पण बाईला असे वचन देण्याचाही अधिकार नसतो, असे ती सांगते. हे दुःख कोणत्याही पाश्चात्त्य पुस्तकातून आलेले नाही. चित्रपट ते ऐकतो, पडद्यावर पुरेसा वेळ देतो, आणि निर्णय मात्र स्थानकावर वडिलांच्या मुठीत ठेवतो. मुठ सैल झाली की शेवट गोड.

चित्रपटांचा क्रम मी बदलला आहे. पहिला आता व्ही. शांताराम यांचा ‘कुंकू’ (१९३७), ज्याची हिंदी आवृत्ती प्रभातने ‘दुनिया न माने’ या नावाने काढली. म्हाताऱ्याशी लावलेले लग्न न मानणारी नीरा त्यात शांता आपटे यांनी उभी केली आहे, आणि ती अमेरिकन कवी लाँगफेलो याची कविता चक्क इंग्रजीत गाते. कपाळावरच्या कुंकवाचा अर्थ स्वतः तपासणारी बाई आणि ओठांवर इंग्रजी कविता, तरी ना कोणी तिला बिघडलेली म्हणत, ना ती म्हणते. १९३७ मध्ये जे एका चित्रपटात एकत्र नांदले, ते १९७० पर्यंत दोन छावण्यांत कसे गेले, हा इतिहासाच्या वर्गाचा प्रश्न झाला.

त्यानंतर ठरलेले दोन, आणि शेवटी गौरी शिंदे यांचा ‘इंग्लिश विंग्लिश’ (२०१२). पुण्याची लाडूवाली शशी गोडबोले न्यूयॉर्कला जाते, तिथे इंग्रजी शिकते, आणि परतीच्या विमानात हिंदी वर्तमानपत्र मागते. तिचा अपमान तिच्या घरातच होत असतो आणि मान तिला परक्या गावातल्या वर्गात मिळतो, तरी चित्रपट न्यूयॉर्कला स्वर्ग ठरवत नाही. गुरुजी, तुमचे कर्तव्यही त्यात शाबूत आहे, कारण शशी संसार सोडत नाही. वकीलसाहेबांना हाच शेवट खटकेल, असा माझा अंदाज आहे, आणि त्या दिवशी तुम्ही दोघे परभणीत यावे, अशी विनंती आहे.

जालन्याच्या ताईंनी ‘पूरब और पश्चिम’च्या दिवशी यावे आणि शक्य झाल्यास आजीच्या टिळकांच्या भजनांची वही आणावी. पेटी आमच्या संगीत विभागात आहे, फक्त तिचा भाता थोडा फाटला आहे, तो तोवर शिवून घेते.

आईला हे सगळे वाचून दाखवले. कानपिळीचे वाचताना ती हसली, काडीमोडाचे वाचताना गप्प झाली. मग म्हणाली, “त्या कोयत्यावाल्या पोरीचं पुढं काय झालं ते इचार.” वकीलसाहेब, ते तेवढे कळवावे.

तालुका कोर्टातला (अंबाजोगाई)

मातोश्रींना नमस्कार सांगा. प्रकरण अजून चालू आहे. मुलगी सध्या आईकडे आहे आणि या हंगामात तिने कोयता धरला नाही. गावातल्या एका शिवणकामाच्या दुकानात बसते. पुढची तारीख पंधरा दिवसांनी आहे. परभणीला मी येतो, पण शेवटाबद्दलचा तुमचा अंदाज बरोबर आहे.